गाडी बंद, धग चालू

इंजिन सगळ्यात जास्त कधी तापतं, असं कुणालाही विचारा. उत्तर ठरलेलं असतं: मे महिन्यात, घाटात, एसी लावून, दुसऱ्या गिअरमध्ये. इंजिनापुरतं ते खरंही आहे. पण टर्बो, म्हणजे इंजिनात जादा हवा दाबून भरणारं यंत्र, असलेल्या गाडीत एक जागा अशी असते, जिची सगळ्यात वाईट वेळ घाट संपल्यावर येते. आपण वर पोचलेलो असतो, गाडी सावलीत लावलेली असते, इंजिन बंद केलेलं असतं आणि वडापावच्या टपरीसमोर उभं राहून 'काय मजा आली' म्हणत असतो. नेमक्या त्या दहा-पंधरा मिनिटांत बॉनेटखाली टर्बोच्या बेअरिंगचं तापमान उतरायच्या ऐवजी चढत असतं.

माझ्याकडे २०१७ची स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस आहे. दोन लिटरचं टर्बो पेट्रोल इंजिन, २३० पीएस. दिसायला अगदी संसारी गाडी, मागे चार मोठ्या बॅगा आरामात मावतात. सोवळ्यातली मंडळी हिला स्पोर्ट्स कार म्हणायला तयार होत नाहीत. न का होईनात. पसरणी घाटात तिचा उजवा पेडल दाबल्यावर जे होतं, ते होताना कुणी व्याख्या काढत बसत नाही. ही गाडी आल्यापासून घरच्यांनी माझ्या एका सवयीला नावं ठेवली आहेत: मुक्काम जवळ आला की मी अचानक रिक्षावाल्यासमोरही नमतं घेतो. 'आत्तापर्यंत उडत होतास, आता काय झालं?' असं बायको विचारते. काय झालं, ते जरा सविस्तर सांगण्यासारखं आहे.

टर्बोचं तत्त्व शतकाहून जुनं. आल्फ्रेड ब्यूखी या स्विस इंजिनिअरने १९०५ मध्ये पेटंट घेतलं. इंजिनातून धूर बाहेर पडतो, त्याच्यात जोरही असतो आणि उष्णताही, आणि दोन्ही वाया जातात. त्या धुराच्या वाटेत एक टर्बाइन बसवायचं, त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकाला कॉम्प्रेसर लावायचा आणि त्याने ताजी हवा दाबून इंजिनात भरायची. फुकटची ताकद, असं ऐकायला वाटतं. पेट्रोल गाडी जोरात चालवताना टर्बाइनवर आदळणारा धूर साडेनऊशे ते हजार अंश सेल्सिअसच्या घरात असतो. डिझेलचा त्याहून बराच गार, साधारण आठशेच्या आसपास. दांडा मिनिटाला दोन लाख फेऱ्यांच्याही पुढे जाऊ शकतो. आणि बहुतेक गाड्यांत हा दांडा तेलाच्या पातळ थरावर तरंगत फिरतो. एका टोकाला हजार अंश, तिथून काही सेंटिमीटरवर तेल, आणि त्या तेलावर सगळी भिस्त.

गाडी चालू आहे तोवर हे जमून जातं. तेल सतत येतं आणि गरम होऊन खाली जातं. बेअरिंगभोवतीच्या पोकळीतून पाणी, म्हणजे कूलंट, फिरत असतं. समोरून वारा असतो. उष्णता येते तेवढी वाहून नेली जाते. इंजिन बंद केलं की तेलाचा पंप थांबतो, पट्ट्यावरचा पाण्याचा पंप थांबतो, वारा थांबतो. टर्बाइनचं जाडजूड कवच मात्र तापलेलंच असतं. रात्री घाट दामटून आल्यावर बॉनेट उघडून हीट शील्डच्या फटीतून डोकावलं, तर काही गाड्यांत ते मंद लाल दिसतं. धातू अंधारात लाल दिसायला लागतो तो पाचशे अंशांच्या पुढे गेल्यावर. ही सगळी उष्णता आता जाणार कुठे? थोडी हवेत, आणि बाकीची दांड्यावरून नि कवचातून सरळ मधल्या बेअरिंगकडे, जिथे थेंबभर तेल जागच्या जागी अडकून बसलेलं आहे. शेवटची पोळी टाकून गॅस बंद केला तरी ती तव्याच्या धगीवर भाजून निघते, तसं हे तेल भाजून निघतं. इंजिनिअर लोक याला हीट सोक म्हणतात.

तेल भाजतं म्हणजे काय होतं, ते मी भोसरीत पाहिलं. तिथे एक चाचा टर्बो दुरुस्त करतात. मुख्य गिऱ्हाईक ट्रक आणि पिकअपवाले. अलीकडे गाड्याही यायला लागल्यात. टेबलावर उघडलेले टर्बो ओळीने मांडलेले असतात, प्रत्येकाच्या कवचावर खडूने गाडीचा नंबर. एका गाडीच्या टर्बोला तेल देणाऱ्या नळीचा पोकळ बोल्ट त्यांनी माझ्या तळहातावर ठेवला. उजेडाकडे धरला तर आरपार दिसायला हवा. टाचणी जाईल एवढं भोक शिल्लक होतं. बाकी सगळं आतून काळ्या, चकचकीत थराने लिंपलेलं. नखाने खरवडलं, निघेना. चाचांनी स्क्रूड्रायव्हरचं टोक आत घालून एक खपली उडवली. ती बोटांत चुरडली तर कोळशाची पूड.

"हे तेल आहे साहेब," ते म्हणाले. "म्हणजे, होतं."

अडीचशे-तीनशे अंशांपुढे इंजिन ऑइल विघटित व्हायला लागतं आणि मागे कार्बन सोडतं. एका वेळी नाममात्र थर. पण पुढच्या वेळी तेवढ्याच अरुंद झालेल्या वाटेने तेल कमी येतं, कमी तेल म्हणजे बेअरिंग जास्त गरम, जास्त गरम म्हणजे आणखी थर. मग दांड्याला प्ले येतो, म्हणजे तो सैल होऊन डुगडुगतो, सील जातं, सायलेन्सरमधून निळा धूर येतो आणि मालक म्हणायला लागतो की टर्बो तेल खातोय. चाचांचं म्हणणं, गिऱ्हाईक टर्बो गेला म्हणून येतो, पण त्यांच्या टेबलावर टर्बो आधी कधी जातच नाही. आधी तेलाची नळी जाते. हे विधान थोडं व्यवसायातलं आहे हे मान्य. तरी गाभा खरा.

इथे एक गैरसमज बाजूला करतो. टर्बो गाडी लगेच बंद करू नये याचं कारण बरेच जण असं सांगतात की दांडा अजून प्रचंड वेगाने फिरत असतो आणि तेल बंद झाल्याने घासतो. ऐकायला पटतं. पण रेडलाइनवर, म्हणजे फेऱ्यांच्या कमाल मर्यादेवर, असताना इंजिन बंद करणारा माणूस मी तरी पाहिलेला नाही. पार्किंगमध्ये गाडी मागे-पुढे करून लावेपर्यंत टर्बोचा वेग केव्हाच उतरलेला असतो, आणि उरलेला काही सेकंदांत संपतो. वेग उतरतो, उष्णता उतरत नाही. भीती बाळगायचीच तर धगीची बाळगावी.

ती किती असते, याचा घरगुती हिशेब एकदा करून पाहिला. खोपोलीपासून लोणावळ्यापर्यंत उंचीतला फरक ढोबळमानाने साडेपाचशे मीटर. माणसं आणि सामान धरून गाडी अठराशे किलोची. एवढं वजन एवढं उंच उचलायला सुमारे २.७ युनिट ऊर्जा लागते. युनिट म्हणजे आपल्या विजेच्या बिलातलंच. इंजिनाची कार्यक्षमता तीस टक्के धरली तर त्यासाठी नऊ युनिटचं पेट्रोल जाळावं लागतं, म्हणजे जवळजवळ एक लिटर. हे फक्त उचलण्याचं. वारा कापणं, टायरचं घर्षण, एसी हे वेगळं. नवातले सहाहून जास्त युनिट उष्णता म्हणून बाहेर पडतात, आणि त्यातला मोठा वाटा टर्बोच्या दारातून जातो. दहा-पंधरा मिनिटांत. त्यानंतर लोणावळ्याची एक्झिट घ्यायची, चिक्कीच्या दुकानासमोर गाडी घालायची आणि लगेच बटण दाबायचं. वाईहून पाचगणीला जाताना तर याहून वाईट: घाट संपतो न संपतो तोच डाव्या-उजव्या हाताला गाड्या लावायच्या जागा, दऱ्या पाहणारे लोक, मक्याची कणसं. सपाट रस्त्याचा दिलासा टर्बोला मिळतच नाही.

मुंबई-पुणे प्रवासात लोकांना भीती असते ती चढताना टेंपरेचरचा काटा वर जाण्याची. जुन्या काळी ती रास्तच होती. बोरघाटात वाफ सोडत उभ्या असलेल्या फियाट आणि अँबॅसिडर, बॉनेट वर, पुढच्या बंपरला कॅनव्हासची छागळ लटकवलेली, आणि रेडिएटरचं झाकण फडक्याने धरून मान मागे करून उघडणारा ड्रायव्हर, हे दृश्य चाळिशीच्या पुढच्या प्रत्येकाने पाहिलेलं आहे. त्या गाड्यांची चढताना परीक्षा होत होती. टर्बो गाडीचा काटा सबंध घाटभर नव्वदवर मुकाट उभा असतो. तिची परीक्षा वर पोचल्यावर सुरू होते, आणि काटा तेव्हा विझलेला असतो. त्यामुळे कुणाला काही कळत नाही.

उपाय काय, तर पूर्वापार सांगितला जातो तो: बंद करायच्या आधी मिनिटभर आयडलवर, म्हणजे उभ्या गाडीत इंजिन नुसतं चालू, ठेवा. टोयोटाच्या टर्बो-डिझेल गाड्यांच्या मॅन्युअलमध्ये याचा तक्ताच असायचा. गावात चालवली असेल तर गरज नाही. ताशी ८०च्या स्थिर वेगाने आलात तर २० सेकंद. १००ने आलात तर एक मिनिट. उभा चढ किंवा त्याहून जोरात, तर दोन मिनिटं. मला हा तक्ता फार आवडतो, विशेषतः त्याची पहिली ओळ. कारण आपल्याकडे नियम पाळणारे लोक नेमके तीच विसरतात. कोथरूड ते डेक्कन, साऱ्या वाटेत गाडी चाळीसच्या वर गेलेली नाही, आणि साहेब ऑफिसच्या तळघरात दोन मिनिटं इंजिन चालू ठेवून डोळे मिटून बसलेत. टर्बोसाठी. वॉचमनच्या नाकात धूर जातोय, त्याचं काही नाही.

माझं मत विचाराल तर आयडलिंग हा दुय्यम दर्जाचा उपाय आहे. उभ्या गाडीत वारा नसतो, बॉनेटखालची गरम हवा तिथेच घुटमळते, तेलाचा आणि पाण्याचा पंपही संथ फिरतो. धूर मात्र गार होतो, त्यामुळे टर्बाइन हळूहळू निवतं, हे खरं. पण तेच शेवटचे तीन-चार किलोमीटर वरच्या गिअरमध्ये, पाय हलका ठेवून, टर्बोला जवळजवळ काम न देता चालवले तर धूर गार, वारा भरपूर, तेल-पाणी जोरात. रेसट्रॅकवर शेवटचा लॅप याच कारणासाठी हळू मारतात. ब्रेकही शक्यतो न लावता. पिटमध्ये आल्यावर आयडलवर ठेवून गाडी थंड करणारा गडी नवखा समजावा. म्हणून मी रिक्षावाल्याला वाट देतो. बायकोचा यावर विश्वास नाही. तिच्या मते माझं वय झालंय.

ही शिस्त सगळ्यांना जमणारी नव्हती, म्हणून जपानने एक डबी काढली. टर्बो टाइमर. एचकेएस, ग्रेडी, ब्लिट्झ, अपेक्सी यांच्या या डब्या नव्वदच्या दशकात स्कायलाइन, सुप्रा, आरएक्स-७ या जपानी टर्बो गाड्यांच्या डॅशबोर्डवर हिरवे-लाल आकडे उजळत बसायच्या. किल्ली काढून, दार लावून माणूस चालता व्हायचा. मागे इंजिन मिनिट-दोन मिनिटं स्वतःच चालत राहायचं आणि मग बंद व्हायचं. तरुणपणी मासिकांत हे फोटो पाहून आम्ही वेडे झालो होतो. माझदाच्या आरएक्स-७ला तर त्याची गरजही जास्त, कारण रोटरी इंजिनाचा धूर पिस्टनवाल्यापेक्षा गरम, आणि १९९१च्या मॉडेलमध्ये त्या धुरावर एक सोडून दोन टर्बो. आपल्याकडेही हौशी लोकांनी त्या डब्या मागवून बसवल्या. मोटर वाहन कायद्याचं कलम १२६ बहुधा कुणी वाचलं नसावं. सार्वजनिक जागी गाडी उभी असेल तर एकतर परवानाधारक माणूस चालकाच्या जागी हवा, नाहीतर यंत्र बंद आणि ब्रेक लावलेला हवा. चालकाशिवाय घुरघुरणारी गाडी त्यात बसत नाही. आणि कायदा राहू द्या. इंजिन चालू सोडून निघून जाण्याएवढा विश्वास मी आमच्या सोसायटीतल्या पोरांवर टाकणार नाही.

खरा उपाय इंजिनिअरांनी शोधला, आणि त्यातल्या दोन वाटा मला फार देखण्या वाटतात.

पहिली पोर्शची. १९८५ मध्ये ९४४ टर्बो आली. अडीच लिटर, चार सिलिंडर, २२० पीएस. त्यांनी टर्बोच्या मधल्या भागाला पाण्याची पोकळी दिली आणि एक छोटा विजेवरचा पंप जोडला, जो इंजिन बंद झाल्यावरही काही वेळ पाणी फिरवत राहतो. शिवाय टर्बो एक्झॉस्टच्या बाजूला न बसवता इंजिनाच्या दुसऱ्या, गार बाजूला नेला. धुराची नळी त्यासाठी वळसा घालून न्यावी लागली, तरी नेली. दुसरी वाट सुबारूची, आणि तिला तर पंपही लागत नाही. कूलंटची टाकी टर्बोच्या वरच्या उंचीला. इंजिन बंद झालं की टर्बोतलं पाणी तापतं, हलकं होऊन वर टाकीत चढतं, त्याच्या जागी खालचं गार पाणी येतं, ते तापतं, तेही चढतं. उष्णता स्वतःच स्वतःला वाहून नेते. थर्मोसायफन. जितका टर्बो गरम, तितकं पाणी जोरात फिरणार; गार झाला की आपोआप थांबणार. ना तार, ना सेन्सर. फक्त नळ्या सतत चढत्या हव्यात, मध्ये कुठे पोट आलं की हवा अडकते आणि खेळ खलास. एवढ्यासाठी कुणा ड्राफ्ट्समनने बॉनेटखालच्या गर्दीत नळीला वाट काढून दिली असेल, त्याला माझा नमस्कार.

माझ्या आरएसमध्ये आणखी एक पाऊल पुढे आहे. या पिढीच्या इंजिनात एक्झॉस्ट मॅनिफोल्ड, म्हणजे सगळ्या सिलिंडरांचा धूर गोळा करणारा भाग, सिलिंडर हेडच्या आतच ओतलेलं आहे, भोवती पाणी. धूर टर्बोपर्यंत पोचायच्या आधीच त्याची थोडी धग पाण्यात काढून घेतात. वर बंद केल्यानंतर पाणी फिरवायची सोय, आणि गरज पडली तर रेडिएटरचा पंखा. आमच्या जुन्या वॉचमनकाकांना हा पंखा काही केल्या पटला नाही. उन्हाळ्यात घाटातून येऊन गाडी लावली की लिफ्टपर्यंत त्यांची हाक यायची, "साहेब, गाडी बंद करायची राहिली!" मी सांगायचो, काका, ती स्वतःच बंद होते. त्यावर ते माझ्याकडे पाहायचे ते कीव आल्यासारखं. शेवटी त्यांनी रजिस्टरमध्ये माझ्या फ्लॅट नंबरपुढे लिहून ठेवलं: 'पंखा आपोआप.' नवीन वॉचमन आले तरी ती नोंद चालू आहे.

उष्णतेशी पैजा लावायची खोडही याच इंजिनिअर मंडळींना. सिलिंडरच्या दोन ओळींच्या मधल्या दरीत टर्बो बसवायचे, म्हणजे धुराला अंतर कमी आणि प्रतिसाद झटपट, ही 'हॉट व्ही' मांडणी बीएमडब्ल्यूने २००८च्या व्ही-८ इंजिनात आणली. चालवायला अप्रतिम. पण दोन भट्ट्या इंजिनाच्या बरोबर डोक्यावर, आणि भोवती प्लास्टिक, रबर, वायरिंग. अमेरिकेत २०१४च्या अखेरीस कंपनीने त्या इंजिनासाठी खास दुरुस्ती मोहीम काढली; ऑइल बदलायची मुदत कमी केली, आणि दर ऑइल सर्व्हिसला बॅटरीही बदलायची असं ठरवलं. बंद गाडीतले पंप आणि पंखे चालणार ते बॅटरीवरच, हे लक्षात घेतलं की त्या ओळीचा अर्थ लागतो. मर्सिडीज-एएमजीनेही पुढे हीच मांडणी घेतली. बुगाटी वेरॉनला चार टर्बो आणि दहा रेडिएटर. फेरारी एफ-४०च्या मागच्या पारदर्शक झाकणाला आडव्या फटी आहेत; लोक त्यांच्यासमोर फोटो काढतात, पण त्या आहेत गरम हवा वर सुटावी म्हणून.

बॉनेट उघडावं का, हा प्रश्न हमखास येतो. ट्रॅकवरून किंवा घाटावरून आल्यावर उघडावं, माझी ना नाही. गरम हवा वर जाते, तिला वाट दिली की बॉनेटखालचं प्लास्टिक आणि रबर तेवढं जास्त टिकतं. फक्त पंख्याजवळ हात नको. तो न सांगता सुरू होतो. कूलंटच्या टाकीचं झाकण तर अजिबात नको. आत दाब असतो म्हणून ते पाणी शंभराच्या पुढेही उकळत नाही. झाकण सैल केलं की दाब जातो आणि ते सगळं एकदम उकळून तोंडावर येतं. आणि कृपा करून बाटलीतलं पाणी वरून ओतू नका. घाटात एकाने माझ्या देखत ते केलं. बिडाच्या कवचाला असा धक्का दिला की तडा जाऊ शकतो. टायर गरम, ब्रेक गरम, टर्बो गरम, म्हणून धबधब्याखाली गाडी उभी करणारे महाभाग ताम्हिणीत दर पावसाळ्यात दिसतात. त्यांच्याविषयी काय बोलावं.

टर्बोइतकंच दुर्लक्ष होतं ते ब्रेककडे. वरंध उतरून आल्यावर डिस्क भाजलेल्या असतात. अशा वेळी थांबून पेडल दाबून धरलं किंवा हँडब्रेक ओढला, की पॅड एकाच जागी चिकटून राहतो, त्या जागेवर थर बसतो आणि पुढे ब्रेक लावताना स्टिअरिंग थरथरायला लागतं. गाडी गिअरमध्ये ठेवावी, चाकामागे दगड लावावा. आणि सुकलेल्या गवतावर तर उभी करूच नये. धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर खाली असतो, तोही निवलेला नसतो. त्याने गवत पेटल्याच्या घटना जगभर आहेत. कास पठाराच्या आसपास, मार्चनंतर, हे लक्षात ठेवायला हरकत नाही.

चहा पिऊन परत आलात की गाडी जरा मठ्ठ वाटते, हे टर्बोवाल्यांनी अनुभवलं असेल. टर्बोने दाबलेली हवा गार करणारा इंटरकूलर, इनटेकचे पाइप, सेन्सर, सगळं त्या धगीत शेकलेलं असतं. गरम हवा विरळ, त्यामुळे ताकद कमी. वर नॉकिंग, म्हणजे पेट्रोल अवेळी पेटणं, टाळायला संगणक स्पार्कही उशिरा देतो. दोन-तीन किलोमीटर वारा लागला की गाडी पुन्हा ताळ्यावर. लोक याला पेट्रोलचा दोष देतात. घाटमाथ्यावरच्या पंपाने भेसळ केली म्हणतात. पंपवाले अनेक बाबतीत दोषी असतील. या बाबतीत बिचारे निर्दोष आहेत.

मग सिग्नलला आपोआप बंद होणाऱ्या स्टार्ट-स्टॉप गाड्यांचं काय, त्यांचा टर्बो कसा टिकतो? टिकतो, कारण शहरातल्या वेगाला तो फारसा तापलेलाच नसतो, आणि तापलेला असेल तर संगणक इंजिन बंद करायलाच नकार देतो. टोयोटाच्या तक्त्याची पहिली ओळच, फक्त आता ती माणसाने वाचायची गरज उरलेली नाही. तेलाचं मात्र अजून माणसाच्याच हातात आहे. चांगलं सिंथेटिक ऑइल उष्णतेला जास्त वेळ दाद देत नाही. मिनरल ऑइल लवकर हार मानतं. पंधरा हजार किलोमीटरची मुदत मॅन्युअलमध्ये छापलेली असली तरी मी साडेसात-आठ हजारांवर बदलतो. सर्व्हिस सेंटरवाला दर वेळी सांगतो की सर, अजून गरज नाही. मी दर वेळी बदलून घेतो.

परवा माझा भाचा सेकंड हँड टर्बो पेट्रोल हॅचबॅक बघत होता. दोन गाड्या पसंत पडल्या होत्या, सारख्याच वर्षाच्या, किलोमीटरही जवळपास सारखे. दोन्ही विकणाऱ्यांचं एकच पालुपद: डॉक्टरांची गाडी, सिंगल हँडेड, एकदम जपून चालवलेली. मी त्याला चाचांकडे घेऊन गेलो. मला वाटलं, ते ऑइलचं झाकण उघडायला सांगतील, पाइप काढून दांड्याचा प्ले बघतील. त्यांनी आधी दोन्ही आरसीचे फोटो मागितले आणि चष्मा लावून पत्ते वाचले.

"ही बावधनची. हायवेला लागून बिल्डिंग आहे, मला माहितीय. एक्झिटमधून उतरला की दुसऱ्या मिनिटाला पार्किंग. ही नको." दुसरा फोटो त्यांनी मोठा करून पाहिला. "ही हिंजवडी फेज तीन? ही घे. लोणावळ्याहून कितीही बोंबलत येऊ दे, शेवटच्या चार किलोमीटरला पाऊण तास लागतो. टर्बो एकदम थंड करून घरी जातो माणूस."

भाचा विचारात पडला. "पण चाचा, रोज एवढ्या ट्रॅफिकमध्ये क्लचचं काय झालं असेल?"

"क्लचचं काम मी करत नाही," चाचा म्हणाले.